वंशभेदविरोधी कार्यशाळा: खरंच काही बदलतं, की नुसती हजेरी?

निळीशाई
मंडळी, जरा मदत हवी आहे.

आमच्या संस्थेत साधारण तीनशे माणसं. दोन महिन्यांपूर्वी एका सहकाऱ्यानं तक्रार केली, की मीटिंगमध्ये त्याच्या उच्चारांची नक्कल करून हसतात. तक्रारीचं पुढे काय झालं ते कुणालाच ठाऊक नाही, पण वरून फर्मान निघालं: सगळ्यांसाठी 'वैविध्य आणि वंशभेदविरोधी कार्यशाळा'. तीन तास, सक्तीची. ती ठरवायला चौघांची समिती नेमली आणि त्यात मी. मी हिशेब विभागात, प्रशिक्षणाशी माझा काडीचा संबंध नाही. बाकी तिघांचे चेहरे बघितल्यावर मला का घेतलं ते कळलं. समितीच्या फोटोत एक सावळा चेहरा हवा असणार.

आधीच्या नोकरीत अशीच एक कार्यशाळा केली होती. सगळ्यांना एका रांगेत उभं केलं. "आईवडील कॉलेजात गेले असतील तर एक पाऊल पुढे. दुकानात सुरक्षारक्षक तुमच्या मागे मागे फिरला असेल तर एक पाऊल मागे." असं वीस-पंचवीस वेळा. शेवटी मी आणि सफाई विभागातला एक जण, दोघंच भिंतीला टेकलेलो. पुढे गेलेले सगळे मान वळवून आमच्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत जी काय कणव दाटून आली होती, विचारू नका. दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये लोक माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायला लागले. पंधरा दिवसांत तेही ओसरलं.

तर प्रश्न दोन. अशा कार्यशाळांनी काही बदलतं का? आणि बदलत असेल तर ट्रेनर निवडताना काय विचारायचं? सोमवारी समितीची दुसरी मीटिंग आहे.

तिरपागडे
बदलतं की. हजेरीपट आधी कोरा असतो, नंतर त्यावर सह्या असतात.

बिनपाण्याचा_मासा
तिरपागडे +१.

अकरा वर्षांत चार केल्या. पहिल्या दोन प्रत्यक्ष, नंतरच्या कंप्यूटरवर. त्या ऑनलाइनवाल्यांचं गुपित सांगतो: चार पर्यायांतला सर्वांत लांब पर्याय बरोबर असतो. "तुमच्या सहकाऱ्याचा अपमान होताना दिसला तर काय कराल? अ) हसाल. ब) निघून जाल. क) व्हिडिओ काढाल. ड) योग्य वेळ साधून, संबंधितांचा सन्मान राखून, धोरणातील तरतुदींनुसार..." आमच्या टीमनं तर व्हिडिओ दुप्पट वेगानं लावून बारा मिनिटांत पदवी मिळवली. प्रमाणपत्र अजून ड्रॉवरमध्ये असेल.

माझं मत विचाराल तर ज्याला शहाणपण आहे त्याला गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो मागच्या रांगेत फोन बघत बसतो.

पाऊलवाट
वाचतेय. आमच्याकडेही हेच घाटतंय.

गणिती_मांजर
निळीशाई, पहिल्या प्रश्नावर बऱ्यापैकी संशोधन झालंय. मासेसाहेबांना आवडेल असं आधी सांगते.

फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या आठशेहून अधिक कंपन्यांची तीसेक वर्षांची आकडेवारी तपासली. त्याचा गोषवारा २०१६ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला होता. व्यवस्थापकांना सक्तीचं प्रशिक्षण सुरू केल्यावर पाच वर्षांनी बघितलं, तर व्यवस्थापक पदांवर गोऱ्या बायका, कृष्णवर्णीय पुरुष, हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक मुळाचे) लोक यांचं प्रमाण जिथल्या तिथे. कृष्णवर्णीय बायकांचं तर सरासरी ९ टक्क्यांनी घटलेलं. ऐच्छिक प्रशिक्षणाचे आकडे मात्र याहून बरे होते.

दुसरा अभ्यास २०१९चा. एका मोठ्या कंपनीतल्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना तासाभराचं ऑनलाइन प्रशिक्षण दिलं. मतं थोडी मवाळ झाली, वागणूक फारशी हलली नाही. जी काही हलली ती आधीपासूनच अनुकूल असलेल्यांची.

म्हणजे "काहीच होत नाही" असंही नाही. माहिती वाढते, मत किंचित सरकतं, पण मतापासून हातापर्यंत येईतो सगळं आटून जातं.

बिनपाण्याचा_मासा
मांजर आणि मासा एका बाजूला. नोंद घ्यावी.

धोंडोपंत_टोणपे
हे सगळं खूळ आहे, स्पष्ट बोलतो. माणूस आपल्यासारख्या माणसाजवळ बसतो, हा स्वभाव आहे. उद्या रुंद कपाळवाल्यांसाठी कार्यशाळा काढाल. आमच्या पिढीत चिडवाचिडवी व्हायची, दोन दिवसांनी त्याच माणसाच्या खांद्यावर हात टाकून फिरायचो. आता 'नक्कल केली' म्हणून तक्रार! जरा कातडी जाड ठेवावी.

तिरपागडे
पंत, कातडी जाड ठेवायला सांगताय, पण अडचण जाडीची नाहीये, रंगाची आहे.

सलाइनची_बाटली
पंत, तुमच्या वयाचा मान ठेवून लिहिते. मी नर्स आहे. चौदा वर्षं. रुग्णालयाचं नाव सांगत नाही.

रात्रपाळीत एक म्हातारे गृहस्थ. मी सुई लावायला गेले तर त्यांनी हात मागे घेतला, म्हणाले, "तू नको, दुसरी पाठव." मला वाटलं दुखत असेल. पुन्हा गेले. तर माझ्याकडे न बघता माझ्या सहकारिणीला म्हणाले, "हिचे हात स्वच्छ आहेत का बघ." ती गोरी. ती बिचारी गोंधळली, कसनुसं हसली, आणि सुई तिनं लावली. काम झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी रडलं नाही. मी बाहेर येऊन हात धुतले. आधीच धुतलेले होते.

त्या रात्री मला राग त्या म्हाताऱ्याचा कमी आला. हसणाऱ्या सहकारिणीचा जास्त आला.

वर्षभरानं आमच्याकडे कार्यशाळा झाली. मीही धोंडोपंतांसारखीच नाक मुरडत गेले. इतिहास, व्याख्या, तक्ते, सगळं डोक्यावरून गेलं. पण शेवटच्या तासाला ट्रेनरनं आम्हाला जोड्या करून उभं केलं आणि नेमकी हीच परिस्थिती दिली. रुग्ण नकार देतो, शेजारच्या नर्सनं काय म्हणायचं? नुसतं ठरवायचं नाही, तोंडानं म्हणायचं. पहिल्यांदा सगळ्यांची त-त-प-प. पाचव्या वेळेला माझ्या त्याच सहकारिणीच्या तोंडून वाक्य नीट निघालं: "आज तुमची नर्स ह्याच आहेत. मी इथे उभी राहते, पण सुई त्याच लावतील."

सहा महिन्यांनी असाच प्रसंग आला तेव्हा तिनं ते म्हटलं. शब्द न शब्द. तिचं मन बदललं होतं का, मला माहीत नाही, आणि खरं सांगू, मला त्याची पर्वाही नव्हती. वाक्य तयार होतं, एवढं मला पुरलं.

पाऊलवाट
सलाइन ताई __/\__

कोरा_कागद
"आधीच धुतलेले होते." हे वाचून पुढचा प्रतिसाद वाचायला वेळ लागला.

गणिती_मांजर
सलाइनची_बाटली, तुम्ही जे लिहिलंत त्याला बघ्यांचं प्रशिक्षण म्हणतात. अन्याय करणाऱ्याला सुधारण्याऐवजी बघणाऱ्यांना काहीतरी करायला शिकवणं. त्यात पाच वाटा सांगतात: विषय बदलून लक्ष दुसरीकडे वळवणं, कुणाची तरी मदत मागणं, प्रसंगाची नोंद ठेवणं, नंतर जाऊन विचारपूस करणं आणि थेट बोलणं. सगळ्यांनी शूरवीर व्हायची गरज नाही. घाबरट माणसालाही यातलं एखादं जमतं. (स्वानुभव. मी विषय बदलण्यात पटाईत आहे.)

धोंडोपंत_टोणपे
सलाइनताई, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. त्याला मी चिडवाचिडवी म्हणणार नाही. पण असा म्हातारा कार्यशाळेला येणार आहे का? शिक्षा कुणाला, तर जे गप काम करतात त्यांना तीन तास!

सलाइनची_बाटली
म्हातारा येणार नाही हे बरोबर. म्हणूनच शेजारी उभ्या असलेल्या माणसाला शिकवायचं.

कलम_कसाई
पेशानं वकील. तुम्ही सगळे एक गोष्ट विसरताय. कार्यशाळा माणसं बदलण्यासाठी असते असं गृहीत धरलंय. बऱ्याचदा ती फाइलसाठी असते.

अमेरिकेत १९६४चा नागरी हक्क कायदा आला आणि नोकरीत वंश, रंग, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून भेदभाव करायला बंदी झाली. त्यानंतर कंपन्यांवर खटले, आणि खटल्यांमागून प्रशिक्षणं. १९९८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले, लैंगिक छळाच्या प्रकरणांत. त्यांचा मथितार्थ असा, की मालकानं छळ टाळायची वाजवी काळजी घेतली होती आणि पीडितानं उपलब्ध तक्रारव्यवस्था विनाकारण वापरलीच नाही, तर काही परिस्थितींत मालकाला बचाव मिळू शकतो. झालं! 'वाजवी काळजी'चा पुरावा म्हणजे हजेरीपट. तिरपागडेंनी पहिल्याच प्रतिसादात जो विनोद केला तो कायदेशीरदृष्ट्या अचूक आहे.

निळीशाई, तुमच्याकडची तक्रार आणि फर्मान यांच्यातलं अंतर बघा. तक्रारीवर चौकशी झाली का? नसेल, तर ही कार्यशाळा त्या चौकशीच्या जागी आलीय.

तिरपागडे
आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला अचूक म्हणालं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

निळीशाई
कलम_कसाई, तुमचं वाचून काल त्या सहकाऱ्याला गाठलं. आमची फारशी ओळख नव्हती. त्याला विचारलं, कार्यशाळेत काय असावं असं वाटतं? तो म्हणाला, "मी त्या दिवशी रजा घेणार आहे."

मी म्हटलं, का? तर म्हणे, "तक्रार कुणी केली ते सगळ्यांना माहीत आहे. ज्यांचे तीन तास जाणार ते माझ्याकडेच बघणार. मला कार्यशाळा नकोच होती. मला एवढंच हवं होतं, की त्या दोघांना कुणीतरी सांगावं, पुरे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

कोरा_कागद
म्हणजे दोघांनी केलेल्या गोष्टीसाठी तीनशेजणांना बसवायचं, म्हणजे त्या दोघांना काही बोलायला नको. शाळेत अख्ख्या वर्गाला उठाबशा काढायला लावायचे तसंच.

खिडकीतली_चिमणी
बरेच दिवस नुसती वाचक होते, आज लॉगिन केलं. कारण मी त्या 'ट्रेनर' जमातीतली आहे. शिव्या खायची तयारी ठेवून लिहिते.

आधी माझी चूक. सुरुवातीच्या वर्षांत निळीशाईंनी लिहिलेला तो रांगेचा खेळ मीही घ्यायचे. परिणाम दणदणीत व्हायचा. लोक रडायचे, फीडबॅकमध्ये 'डोळे उघडले' लिहायचे, पुढचं काम मिळायचं. एकदा एक मुलगी सगळ्यांत मागे राहिली. मी तिला विचारलं, "तुला आत्ता काय वाटतंय ते सगळ्यांना सांगशील?" ती म्हणाली, "मला वाटतंय की माझा पगार यासाठी नाहीये." खोलीत शांतता. त्या दिवशी मला कळलं, की ज्यांचे डोळे उघडायचेत त्यांच्यासाठी मी तिला नमुना म्हणून टेबलावर ठेवलं होतं. तो खेळ मी नंतर कधीच घेतला नाही.

या प्रकाराला मोठी परंपरा आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, ५ एप्रिल १९६८ला, आयोवा राज्यातल्या रायसव्हिल गावात जेन एलियट या तिसरीच्या शिक्षिकेनं वर्गाची डोळ्यांच्या रंगावरून विभागणी केली. एक दिवस एका रंगाची मुलं श्रेष्ठ, नंतर उलट. श्रेष्ठ ठरलेली मुलं तासाभरात दुसऱ्यांना हिणवायला लागली. पुढे त्यांनी हाच प्रयोग मोठ्यांच्या प्रशिक्षणात नेला. त्या वर्गात सगळी मुलं गोरी होती, हे मात्र पुष्कळदा विसरलं जातं. ज्यांनी ते कधी भोगलं नव्हतं त्यांना दिवसभर चव दाखवणं निराळं, आणि जो रोज भोगतो त्याला पुन्हा रांगेत मागे उभं करणं निराळं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. मी काम घेण्याआधी जे विचारते तेच तुम्ही ट्रेनरला उलटं विचारा.

सर्वांत आधी, "आमची माणसं नोकरीला कशी घेतली जातात, बढती कोण ठरवतं, हे तुम्हाला बघायचंय का?" जो म्हणेल "त्याची गरज नाही, माझा कार्यक्रम तयार आहे", त्याला नमस्कार करा. त्याच्याकडे एकच स्लाइड-शो आहे आणि तो तुमच्या लोगोसह चालवणार आहे.

मग विचारा, साहेब कुठे बसणार? माझी अट असते की सर्वोच्च पदावरची माणसं पूर्ण वेळ खोलीत हवीत. "दोन शब्द बोलून निघतील" असं असेल तर उरलेल्यांनाही दोन शब्दच कळतात.

आणि विचारा, की कुणालाही स्वतःचा अनुभव सांगायला भाग पाडणार का? उत्तर 'नाही' असायला हवं, तेही लगेच. प्रसंग बाहेरून आणता येतात. तुमच्याच संस्थेत घडण्यासारखे, पण कुणाचेही नसलेले. सलाइनताईंनी लिहिलं तसं ते तोंडानं म्हणवून घ्यायचे. तीन तासांतला निम्मा वेळ मी त्यावरच घालवते. व्याख्या लोक विसरतात, पण एकदा मोठ्यानं म्हटलेलं वाक्य पुन्हा तोंडात येतं.

तक्रारीनंतर लगेच, सगळ्यांसाठी, सक्तीनं अशी कामं मी आता घेत नाही. घेतली तेव्हा दर वेळी खोलीत एक माणूस खाली मान घालून बसलेला असायचा आणि बाकीचे त्याच्याकडे न बघण्याची कसरत करायचे. तुमचा सहकारी रजा घेतोय यात मला काहीच नवल नाही.

बिनपाण्याचा_मासा
चिमणीताई, शिव्या द्यायला आलो होतो, परत चाललो.

पण एक विचारतो. त्या 'नकळत पूर्वग्रह' चाचणीचं काय? आम्हाला दिली होती. चेहरे आणि शब्द झपाझप येतात, डावं-उजवं बटण दाबायचं. मला 'मध्यम पूर्वग्रह' आला. माझा मित्र घरी तीनदा बसला आणि त्याला तीन वेगळी उत्तरं आली.

गणिती_मांजर
ती चाचणी १९९८ साली ग्रीनवाल्ड, मॅक्घी आणि श्वार्ट्झ यांनी मांडली. समूहांचा अभ्यास करायला उपयोगी, पण एकट्या माणसाला 'तू अमुक इतका पूर्वग्रहदूषित' असा दाखला द्यायला कच्ची. तुमच्या मित्राचा अनुभव सर्रास येणारा आहे. २०१९ साली ४९२ अभ्यास एकत्र करून बघितलं, तेव्हा या चाचणीसारखी मापं थोडी बदलता येतात असं दिसलं, पण ती बदलली म्हणून वागणूक बदलली असं दिसलं नाही. ब्रिटिश सरकारनं डिसेंबर २०२०मध्ये आपल्या नागरी सेवेतलं या धर्तीचं प्रशिक्षण बंद करायचं जाहीर केलं, तेही परिणामांचा पुरावा नाही म्हणूनच.

धोंडोपंत_टोणपे
बघा! सरकारनंच बंद केलं. आणि अमेरिकेतही जानेवारी २०२५मध्ये ट्रम्प यांनी आल्या आल्या सरकारी वैविध्य कार्यक्रमांना टाळं लावलं. मी खूळ म्हटलं तर वाईट.

गणिती_मांजर
पंत, औषध लागू पडत नाही म्हणजे रोग नाही असं होत नाही.

रोगाचा पुरावा हवाय? २००४ साली बर्ट्रांड आणि मुल्लइनाथन या अर्थतज्ज्ञांचा शोधनिबंध आला. त्यांनी बॉस्टन आणि शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे पाच हजार खोटे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फक्त नावं वेगळी. काहींवर एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांत जास्त असणारी. काहींवर लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांत जास्त असणारी. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली. एका बोलावण्यासाठी एमिलीला साधारण दहा अर्ज, लकीशाला पंधरा. अर्ज वाचणाऱ्यांतला कुणीही स्वतःला वर्णद्वेषी म्हणवून घेणार नाही. आणि लकीशानं कातडी कितीही जाड केली तरी काय उपयोग? तिला तर कुणी चिडवलंच नाही. नुसतं बोलावलं नाही.

कोरा_कागद
मांजरीनं पंजा मारला.

अर्धविराम
धागा चांगला चाललाय. एक नाजूक विषय काढतो. आपण मराठी माणसं 'वंशभेद' म्हटलं की आपोआप भोगणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहतो. परदेशी गोरा साहेब आपल्याला कमी लेखतो, इथपर्यंत सगळे सहमत. पण 'आडनाव काय?' या प्रश्नामागे आपण काय मोजत असतो? सिअ‍ॅटल शहरानं फेब्रुवारी २०२३मध्ये भेदभावबंदीच्या यादीत जात घातली, अमेरिकेतलं ते पहिलं शहर. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातला तसा कायदा विधिमंडळात मंजूर होऊनही गव्हर्नरनं नकाराधिकार वापरून परत पाठवला. दोन्हीकडे बाजूनं आणि विरोधात हिरीरीनं बोलणारे कोण होते? आपलेच.

शंखनाद_७
आला का जातीवर! प्रत्येक धाग्याचा शेवट हाच.

अर्धविराम
शेवट नाही, अजून मधलाच भाग आहे. :)

शंखनाद_७
तुमच्यासारख्या लोकांमुळेच

संपादक_मंडळ
वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढून टाकला आहे. कृपया वैयक्तिक रोख टाळा. भेदभावविरोधी धागा भांडणामुळे कुलूपबंद झाला तर तिरपागडे यांना वर्षभर पुरेल इतका मजकूर मिळेल.

तिरपागडे
संपादकांनी माझ्या पोटावर पाय आणू नये.

गणिती_मांजर
अर्धविराम, तुमच्या मुद्द्याला धरून एक भन्नाट प्रयोग आहे. मॅट लो या अर्थतज्ज्ञानं उत्तर प्रदेशात क्रिकेटच्या लीग भरवल्या. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र, सगळं चिठ्ठ्या टाकून. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मिश्र संघातून एकत्र खेळलेल्यांच्या इतर जातींतल्या मैत्र्या वाढल्या. समोरासमोर उभे राहिलेल्यांच्या मात्र घटल्या.

हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ सालीच मांडलं होतं. नुसतं जवळ येऊन भागत नाही. दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज हवी आणि वरच्यांचा पाठिंबा हवा. आता सांगा, तीन तासांच्या कार्यशाळेत यातलं काय असतं? साहेब आणि सफाई कामगार एका रांगेत उभे असतात, पण दर्जा काही समान नसतो.

पाऊलवाट
माझा अनुभव संस्थेचा नाही, वस्तीतल्या रहिवाशांच्या गटाचा. आम्ही अशी कार्यशाळा ठेवली. सक्ती करायला साहेबच नाही, त्यामुळे आले ते सगळे आधीच पटलेले. दोन तास एकमेकांना माना डोलावत बसलो. ज्यांच्यामुळे ठेवली होती ते घरी. नंतर एकीनं सुचवलं, की भाषण सोडा, गटाच्या बैठका कुठे आणि किती वाजता होतात ते बघा. नव्यानं राहायला आलेली बरीच कुटुंबं संध्याकाळच्या पाळीत कामाला. बैठक कायम संध्याकाळी. त्यांना कुणी येऊ नका म्हटलं नव्हतं, पण ते येऊच शकत नव्हते. वेळ बदलली. पहिल्याच बैठकीला सहा नवे चेहरे, आणि त्यातले दोघे पहिल्याच दिवशी जमाखर्चावरून जुन्यांशी भांडले. मला फार बरं वाटलं.

खिडकीतली_चिमणी
पाऊलवाट, हे मी माझ्या कार्यशाळांत सांगू का? नाव-गाव न घेता.

पाऊलवाट
खुशाल.

कलम_कसाई
नियम आणि शिकवणी यांतला फरक बघायचा असेल तर स्टारबक्सचं प्रकरण घ्या. एप्रिल २०१८मध्ये फिलाडेल्फियातल्या एका दुकानात दोन कृष्णवर्णीय तरुण कुणाची तरी वाट बघत बसले होते. काही विकत घेतलं नाही म्हणून पोलीस बोलावले, बेड्या घातल्या. मोठा गहजब झाला. २९ मेच्या दुपारी कंपनीनं अमेरिकेतली आठ हजारांहून अधिक दुकानं बंद ठेवून सुमारे पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहावर प्रशिक्षण दिलं. बातमी जगभर.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली, तिची बातमी लहान होती. कंपनीनं नियम केला, की काही न घेताही कुणीही दुकानात बसू शकतो, स्वच्छतागृह वापरू शकतो. मला विचाराल तर त्या दुपारपेक्षा या नियमाचा उपयोग जास्त. 'हा माणूस संशयास्पद दिसतो का' हे ठरवायची वेळच कर्मचाऱ्यावर येत नाही. जानेवारी २०२५मध्ये कंपनीनं तो नियम मागे घेतला.

त्या दोघांनी शहराशी तडजोड केली ती प्रत्येकी एक डॉलरवर, आणि तरुण उद्योजकांसाठी दोन लाख डॉलरच्या उपक्रमावर.

धोंडोपंत_टोणपे
एक डॉलर! हे मात्र आवडलं. ही पोरं जाड कातडीची.

सलाइनची_बाटली
पंत, सुधारताय हळूहळू.

धोंडोपंत_टोणपे
सुधारत नाहीये, मत देतोय. आणि पाऊलवाट यांचं वेळेचं मला पटलं. हे आधी सांगितलं असतं तर मी खूळ म्हटलंच नसतं. तुम्ही लोक एकदम 'तुझ्या मनात पाप आहे' म्हणून सुरुवात करता, मग माणूस बिथरतो.

गणिती_मांजर
पंत, अवांतर, पण तुम्ही नकळत २०११च्या एका कॅनडातल्या प्रयोगाचा निष्कर्ष सांगितलात. पूर्वग्रह सोडणं 'आवश्यक आहे, सोडलाच पाहिजे' अशा सुरातलं पत्रक वाचलेल्यांत पूर्वग्रह वाढलेला दिसला. का सोडावा हे स्वतःला पटवून द्यायला मदत करणारं पत्रक वाचलेल्यांत कमी.

धोंडोपंत_टोणपे
म्हणजे मी संशोधक झालो.

निळीशाई
सोमवारची मीटिंग झाली. वृत्तान्त देते.

मी पहिल्यांदाच तोंड उघडलं आणि विचारलं, की मूळ तक्रारीचं काय झालं? एचआरच्या बाई म्हणाल्या, "ते गोपनीय आहे." मी म्हटलं, ठीक, पण तक्रारदाराला तरी कळवलंय का? त्यावर त्या वहीत काहीतरी लिहू लागल्या. बराच वेळ लिहीत होत्या.

मग चिमणीताईंचे प्रश्न काढले. दोन ट्रेनरना बोलावलं होतं. पहिल्यानं साहेबांच्या बसण्याच्या प्रश्नावर सांगितलं, "वरिष्ठांसाठी आमचं वीस मिनिटांचं संक्षिप्त पॅकेज आहे." दुसरीनं आमची मुलाखतीची गुणपत्रिका बघायला मागितली. तशी गुणपत्रिकाच नाहीये हे तेव्हा समितीला कळलं. मुलाखत घेणारे बाहेर येऊन "मला बरा वाटला" असं सांगतात, तेवढंच.

ठरलं ते असं. सक्ती फक्त मुलाखती घेणाऱ्या आणि टीम सांभाळणाऱ्या अठ्ठावीस जणांना, साहेबांसकट. बाकीच्यांना ऐच्छिक. कार्यशाळेआधी मुलाखतीचे प्रश्न आणि गुण द्यायची पद्धत लिहून काढायची. तक्रारीला किती दिवसांत उत्तर द्यायचं तेही लिहायचं, पण यावर एचआरच्या बाई "बघू" म्हणाल्या. तिथे मला जास्त रेटता आलं नाही. तारीख दोन महिन्यांनी पुढे गेली.

सहकाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरं." आणि मग, "त्या दोघांना अजून कुणी काही बोललेलं नाही." तेही खरंच आहे.

कलम_कसाई
'बघू' लेखी मागून घ्या.

खिडकीतली_चिमणी
दुसरीला घ्या. गुणपत्रिका मागणारी बाई कामाची आहे. दोन महिन्यांनी इथे येऊन सांगा.

बिनपाण्याचा_मासा
अठ्ठावीसांत साहेब शेवटपर्यंत बसले तर मी माझं बारा मिनिटांचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावीन.

सलाइनची_बाटली
निळीशाई, त्या सहकाऱ्याबरोबर पुढच्या मीटिंगला शेजारी बसा. नक्कल झाली की काय म्हणायचं ते आधी घरी मोठ्यानं म्हणून बघा. पाच वेळा.

निळीशाई
आज सकाळी आरशासमोर तीनदा झालं. दोन राहिलेत.

तिरपागडे
ते सगळं ठीक, पण समितीच्या फोटोचं काय झालं?

निळीशाई
काढला की. मीच काढला. त्यामुळे त्यात तिघंच आहेत.